ढेकूण लपवू नका, दिवस मोजून मारा

मे महिना आला की लातूरच्या वसतिगृहांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून मुलं घरी परततात. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं नांदेड, मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर अशा कितीतरी ठिकाणांहून ती तिकडे गेलेली असतात. येताना सोबत पुस्तकांची खोकी, कपड्यांची बॅग आणि अंथरुणाची वळकटी. त्या वळकटीच्या शिवणीत कधी कधी न बोलावलेला पाहुणा बसलेला असतो. मराठीत तो ढेकूण, आपल्या घरातल्या बोलीत खटमल.

घरात खटमल निघाला की पहिली धावपळ होते ती त्याला मारण्याची नव्हे, लपवण्याची. हातावर रांगेनं लाल चट्टे उठलेलं मूल वर्गात पेंगतं. पालकांना विचारावं तर आधी हेच ऐकू येतं, "सर, आमचं घर तसं नाही हो." जिथे पाकी-तहारतीला एवढं महत्त्व, तिथे ही लाज समजण्यासारखी आहे. पण ती अस्थानी आहे. ढेकूण खरकटं खात नाही, कचरा खात नाही. त्याचं अन्न एकच, रक्त. त्याला झोपलेला माणूस आणि लपायला फट एवढंच पुरतं. आरशासारखी लख्ख फरशी असलेल्या घरातही तो तितक्याच सुखानं राहतो. पसारा जास्त असेल तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढाच काय तो फरक.

त्याचा जीवनक्रम आम्ही मुलांना फुलपाखराच्या शेजारी मांडून शिकवतो. फुलपाखराची आधी अळी होते, मग कोष. ढेकणाचं तसं नाही. खसखशीच्या दाण्याएवढं पांढुरकं अंडं फटीत चिकटवलेलं असतं. सहा ते दहा दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येतं, दिसायला थेट मोठ्या ढेकणासारखंच, फक्त फिकट आणि बारीक. ते पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी रक्त प्यावं लागतं. रक्त मिळालं नाही तर वाढ तिथेच थांबते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून पाच-सहा आठवड्यांत मसुराच्या दाण्याएवढा तांबूस ढेकूण तयार होतो. मादी दिवसाला दोन-तीन अंडी घालते. म्हणजे लाजेनं दीड महिना गप्प बसलो तर पुढची पिढी अंडी घालायला तयार होते.

डासांत फक्त मादी चावते, ढेकणांत नर, मादी आणि पिल्लं सगळेच. आपला श्वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ते बहुधा मध्यरात्रीनंतर बाहेर पडतात. चावताना त्यांची लाळ अंगात जाते. तिच्यामुळे रक्त गोठत नाही आणि चावाही चटकन जाणवत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरलं की ते परत फटीत जातात आणि पुढचे काही दिवस बाहेर पडत नाहीत. म्हणूनच रात्री दिवा लावून दोन ढेकूण चिरडले म्हणजे काम झालं असं नाही. बाकीचे फटीतच असतात. अन्नावाचून ते महिना-दीड महिना सहज काढतात, त्यामुळे सुट्टीत खोलीला कुलूप लागलं म्हणून तिथले ढेकूण मरत नाहीत.

ढेकणामुळे माणसांत रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. पण खाज आणि रात्रीचं जागरण काही कमी नाही. परीक्षेच्या तोंडावर मुलाची झोप जाणं म्हणजे काय, हे आई-बापाला सांगायला नको.

मग करायचं काय? घरी आलेली वळकटी सरळ पलंगावर टाकू नये. आधी ती अंगणात उघडावी. गादीच्या शिवणी, उशीचे कोपरे, पलंगाचे सांधे पाहावेत. काळे ठिपके, पांढरी अंडी, टाकलेली कात या त्याच्या खुणा. चादरी, खोळी, कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी जपून ओतावं, लाकडी पलंगाच्या फटी बुजवाव्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, म्हणून नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नये. गादीची वरची बाजू तापते तसा ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. ढेकूण आणि अंडी खात्रीनं मरायला ५० अंशांच्या वरची उष्णता आतपर्यंत पोचावी लागते.

आणि हे सगळं एकदा करून भागत नाही. पहिल्या फेरीतून वाचलेल्या अंड्यांतून दहा दिवसांत पिल्लं निघतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, त्यानंतर दोन आठवड्यांनी तिसरी.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. शेतीच्या घरात धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या असतात, फवारणीची औषधं असतात. ती झोपायच्या खोलीत कधीही वापरू नका. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. ढेकूण मारायला ठेवलेल्या अशा गोळ्यांनी आपल्या देशात माणसांचे जीव घेतले आहेत, त्यांत लहान मुलंही होती. रॉकेल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण. बाजारातल्या अनेक फवाऱ्यांना तर ढेकूण आता दादच देत नाहीत. प्रकार हाताबाहेर गेला तर जाणकार माणूस बोलवावा आणि तो कोणतं औषध वापरणार, खोलीत परत कधी जायचं, हे आधी विचारून घ्यावं.

लातूरला परतणाऱ्या मुला-मुलींना एवढं बजावून पाठवा: खोलीत ढेकूण दिसला तर त्याच दिवशी सोबतच्यांना आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगायचं. एकट्यानं आपली खाट साफ करून उपयोग नाही, शेजारच्या खाटेवरून ते परत येतात. आणि कुणी आपल्या मुलीला येऊन सांगितलं की "माझ्याकडे ढेकूण निघालेत", तर तिनं हसू नये. त्या मुलीनं लाज बाजूला ठेवून सगळ्या खोलीची झोप वाचवली आहे. घरी पहिली फेरी झाली की दिनदर्शिकेवर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची तारीख लिहून ठेवा.