तलवार जवळ, म्हणजे पुरुषच? बिर्काच्या ५८१ क्रमांकाच्या कबरीचा वाद

#थ्रेड

१/ व्हायकिंग समाजात स्त्रिया लढत होत्या का, हा प्रश्न निघाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. पहिला म्हणतो, हे सारे दूरचित्रवाणी मालिकांचे आणि आजच्या स्त्रीवादाचे खूळ आहे. दुसरा म्हणतो, निम्मे व्हायकिंग सैन्य स्त्रियांचे होते, इतिहासकारांनी ते दडवले. माझे प्रतिपादन असे की दोघेही पुराव्याशी अप्रामाणिक आहेत. त्यांतील पहिल्याचा अप्रामाणिकपणा अधिक जुना आहे आणि तो विद्वत्तेच्या नावाखाली वावरला. म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ.

२/ स्थळ स्वीडन. स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर मेलारेन सरोवरात ब्योर्को नावाचे बेट आहे. या बेटावर आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बिर्का हे व्यापारी नगर नांदले. अरबी चांदीची नाणी, पूर्वेकडील रेशीम, उत्तरेकडील केसाळ कातडी या साऱ्यांची तेथे देवघेव होई. १९९३ साली हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले. नगराभोवती सुमारे ३,००० कबरी आहेत. त्यांपैकी जवळजवळ १,१०० कबरी याल्मार स्टॉल्पे या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उकरल्या. गृहस्थ मुळात अंबराच्या शोधात या बेटावर आले होते.

३/ १८७८ साली स्टॉल्पेने ५८१ क्रमांकाची कबर उघडली. जमिनीखाली लाकडी फळ्यांनी बांधलेला दफनकक्ष होता. आत एकच देह. सोबत तलवार, कुऱ्हाड, भाला, लांब लढाऊ सुरी, चिलखत भेदणारे बाण आणि दोन ढाली. पायथ्याशी दोन घोडे, त्यांतील एक घोडी. शिवाय रिकिबी, आणि सोंगट्यांचा पूर्ण संच. बिर्काच्या एवढ्या कबरींत शस्त्रांचा पूर्ण साज केवळ दोनच ठिकाणी मिळाला आणि त्यांतील ही एक. जागाही सूचक आहे. नगराच्या पश्चिमेस, डोंगरी किल्ल्याजवळ, जेथे शिबंदीची वस्ती होती, तिच्या लगत ही कबर होती.

४/ स्टॉल्पेने नोंद केली की हा योद्धा आहे. योद्धा आहे, तर अर्थातच पुरुष. त्या क्षणी अस्थींची परीक्षा कोणी केली नाही. पुढे सुमारे शतकभर ही कबर ‘व्हायकिंग योद्ध्याची आदर्श कबर’ म्हणून ग्रंथांतून मिरवली. या काळात कोणा विद्वानाने विचारले नाही की ही शस्त्रे खरोखर याचीच कशावरून, हा कधी रणांगणावर उतरला होता का, ही केवळ प्रतिष्ठेची चिन्हे नसतील कशावरून. हे मौन नीट लक्षात ठेवा. पुढील सारा वाद त्याच्याशी जोडलेला आहे.

५/ १९७० च्या दशकात अस्थींची तपासणी झाली, तेव्हाच हा सांगाडा स्त्रीचा असावा असे नोंदले गेले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. नंतर स्टॉकहोम विद्यापीठातील अस्थितज्ज्ञ आना शेलस्ट्रॉम यांनी पुन्हा तपासणी केली. कटीच्या अस्थींची ठेवण आणि जबडा पाहून त्याच निष्कर्षावर त्याही आल्या. तरी शंका उरली, म्हणून डीएनए चाचणी झाली. २०१७ साली शार्लट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी निकाल प्रसिद्ध केला. दात आणि दंडाचे हाड यांतून घेतलेल्या नमुन्यांत वाय गुणसूत्राचा मागमूस नव्हता. ही तिशी ओलांडलेली, सुमारे १७० सेंटिमीटर उंचीची स्त्री होती.

६/ आणि मग जे मौन एवढी वर्षे टिकले, ते रातोरात सुटले. अस्थींची पिशवी बदलली असेल. कबरीत दुसरा पुरुष असेल आणि त्याची हाडे नाहीशी झाली असतील. शस्त्रे नवऱ्याची असतील. शस्त्रे केवळ प्रतीक असतील. अंगावर जखमा कोठे आहेत? यांतील बहुतेक प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने रास्त आहेत. माझा आक्षेप प्रश्नांना नाही, त्यांच्या मुहूर्ताला आहे. १८७८ ते २०१७ या १३९ वर्षांत हे प्रश्न सुचले नाहीत आणि लिंग बदलताच सुचले, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

७/ तरीही प्रश्नांची उत्तरे देणे भाग आहे. पहिला, अस्थींची अदलाबदल. या हाडांवर शाईने कबरीचा क्रमांक लिहिलेला आहे. स्टॉल्पे हा त्या काळाच्या मानाने अत्यंत काटेकोर उत्खनक होता. तो चौकटींच्या कागदावर मोजमापासह रेखाटने काढी आणि ती रेखाटने आजही उपलब्ध आहेत. उरलेली हाडे त्या रेखाटनाशी पडताळून पाहता येतात. दुसरा, ‘हरवलेला पुरुष’. रेखाटनात एकच देह आहे. २०१९ साली नील प्राइस आणि त्याच गटाने ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात या आक्षेपांना सविस्तर उत्तर दिले. ज्याचे एकही हाड नाही अशा पुरुषाला केवळ शस्त्रांसाठी कबरीत आणून बसवणे, याला पुरावा म्हणता येणार नाही.

८/ तिसरा प्रश्न, जखमांचा. या सांगाड्यावर शस्त्राचे घाव आढळले नाहीत, हे खरे. पण बिर्कातील खात्रीने पुरुष ठरलेल्या ४९ सांगाड्यांपैकी धारदार शस्त्राच्या खुणा केवळ २ जणांवर आढळल्या. मग उरलेले ४७ कोण होते? कोरी हाडे हा योद्धेपणाविरुद्धचा पुरावा मानायचा असेल, तर शस्त्रांसह पुरलेल्या पुरुषांचीही योद्धेपदे त्याच न्यायाने काढून घ्यावी लागतील. तसे करायला कोणी तयार झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

९/ चौथा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. कबरीत शस्त्र असणे म्हणजे लढणे का? हाइनरिख हेर्के यांनी १९९० साली इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन कबरींचा अभ्यास करून दाखवले की शस्त्रांसह पुरलेल्यांत लढण्याच्या वयाची नसलेली मुले आणि शरीराने असमर्थ माणसेही होती. म्हणजे शस्त्र हे कुळाचे, दर्जाचे चिन्हही असू शकते. हा इशारा मला पूर्णपणे मान्य आहे. पण तो शस्त्र असलेल्या प्रत्येक कबरीला लागू होतो. पुरुषाच्या हाताशी तलवार दिसली की ‘योद्धा’ आणि स्त्रीच्या हाताशी दिसली की ‘प्रतीक’, हा दुटप्पीपणा आहे.

१०/ आता मूळ दोषाकडे वळू. उत्तर युरोपात अनेक ठिकाणची माती अशी आहे की हाडे टिकतच नाहीत. मग कबर कोणाची हे वस्तूंवरून ठरवले गेले. तलवार सापडली तर पुरुष, अंडाकृती ब्रोच किंवा टकळी सापडली तर स्त्री. अशा हजारो नोंदी संग्रहालयांत आहेत. नंतर त्याच नोंदी मोजून सांगितले जाते की शस्त्रे जवळजवळ नेहमी पुरुषांच्याच कबरीत सापडतात. मित्रहो, हा शोध नव्हे. आरंभी जे गृहीत धरले तेच शेवटी निष्कर्ष म्हणून परत आले. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. नेमक्या याच दोषामुळे ५८१ क्रमांकाच्या कबरीचे महत्त्व एका स्त्रीच्या कहाणीपुरते उरत नाही.

११/ ही एकटी कबर आहे का? नाही. नॉर्वेतील सोलोर भागात नॉर्द्रे शोलेन येथे १९०० साली एक कबर सापडली. तिच्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाल आणि घोडा होता, आणि सांगाडा अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणीचा असल्याचे तज्ज्ञांनी ठरवले. नॉर्वेतच औनवोल येथे तलवारीसह पुरलेली स्त्री सापडली. पोलिश संशोधक लेशेक गार्देवा यांनी २०२१ साली अशा कबरींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची सावधगिरी अनुकरणीय आहे. ते प्रत्येक वस्तू वेगळी तपासतात. कुऱ्हाड हे शस्त्र असते तसे सरपण फोडण्याचे साधनही असते, हे ते विसरत नाहीत.

१२/ फिनलंडमधील सुऑन्ताका येथील कबर तर आपल्या दोन्ही साच्यांची परीक्षाच घेते. १९६८ साली ती सापडली. पोशाख आणि ब्रोच स्त्रीचे, आणि सोबत तलवार. अनेक वर्षे तिला ‘योद्धा स्त्री’ म्हटले गेले. २०२१ साली डीएनए अहवाल आला. नमुना अत्यल्प होता, तरी त्या व्यक्तीची गुणसूत्रे बहुधा एक्स-एक्स-वाय असावीत असे दिसले. ही कबर व्हायकिंग युगाच्या अगदी अखेरची किंवा त्यानंतरची आहे. पण धडा स्पष्ट आहे. गुणसूत्रे शरीराची माहिती देतात. त्या व्यक्तीला तिचा समाज काय म्हणून ओळखत होता, हे ती सांगत नाहीत. ही मर्यादा बिर्कालाही लागू आहे आणि ती मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही.

१३/ आता दुसऱ्या आवाजाकडे. ‘निम्मे योद्धे स्त्रिया होत्या’ हे वाक्य २०१४ च्या सुमारास समाजमाध्यमांवर वणव्यासारखे पसरले. त्याचा आधार म्हणून शेन मॅक्लाउड यांचा २०११ सालचा शोधनिबंध दाखवला गेला. तो निबंध योद्ध्यांविषयी नव्हताच. पूर्व इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स स्थलांतरितांत स्त्रियांचे प्रमाण किती, हा त्याचा विषय होता. तपासलेले सांगाडे १४, त्यांत ७ पुरुष, ६ स्त्रिया आणि १ अनिश्चित. एवढ्यावरून वसाहतीत स्त्रिया आरंभापासून आल्या असाव्यात असे म्हणता येते. त्यांना सैनिक ठरवणे ही वाचकांची फसवणूक आहे, मग हेतू कितीही उदात्त असो.

१४/ तीच गत साहित्याची. मालिकेतील लागेर्था ही सॅक्सो ग्रामॅटिकसच्या ग्रंथातून आली. सॅक्सो सन १२०० च्या आसपास लिहीत होता आणि तो ख्रिस्ती लेखक होता. लढवय्या स्त्रिया त्याच्या दृष्टीने जुन्या मूर्तिपूजक काळाच्या उलट्या व्यवस्थेचे उदाहरण होत्या. तलवारीसाठी पित्याच्या थडग्यावर जाणाऱ्या हेर्वोरची सागा तेराव्या शतकातील. वर्णिलेल्या काळानंतर काही शतकांनी लिहिलेल्या या कथा घटनांचा पुरावा होऊ शकत नाहीत. अशी कल्पना त्या समाजाला अपरिचित नव्हती, एवढे मात्र त्या दाखवतात. आइसलँडच्या ‘ग्रागास’ या कायदेसंग्रहात स्त्रीने पुरुषी वेश करणे व शस्त्र बाळगणे दंडनीय ठरवले आहे. बंदी घालण्याची गरज भासली, हे सूचक आहे. तरी तो एका पिढीच्या आचाराचा अहवाल नव्हे.

१५/ एक उल्लेख परक्याच्या लेखणीतून येतो. ९७१ साली दोरोस्तोलोन येथे बायझंटाइन सैन्याने स्व्यातोस्लावच्या रुस सैन्याशी युद्ध केले. मृतांची वस्त्रे उतरवताना त्यांत पुरुषी वेशातील स्त्रियाही आढळल्या, असे स्किलित्झेस हा इतिहासकार लिहितो. तोही सुमारे शतकभरानंतरचा. डेन्मार्कमधील हॉर्बी येथे २०१२ साली सापडलेली, तलवार व ढाल घेतलेल्या स्त्रीची इवली चांदीची मूर्ती अनेक जण पुरावा म्हणून दाखवतात. ती वाल्कीरीची, म्हणजे दैवी स्त्रीची, असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या बाजूचा असला तरी कच्चा पुरावा बाजूला ठेवावा, हीच सचोटी.

१६/ २०१७ च्या निबंधालाही सूट नको. सोंगट्यांवरून ही स्त्री डावपेच आखणारी अधिकारी होती, असे त्यात सुचवले होते. पट खेळणारा प्रत्येक जण सेनापती नसतो. जूडिथ जेश यांच्यासारख्या नॉर्स साहित्याच्या ज्येष्ठ अभ्यासकांनी त्या निबंधावर टीका केली. त्या टीकेमुळेच २०१९ चे अधिक भक्कम विवेचन लिहिले गेले. विद्येचा व्यवहार असाच चालावा.

१७/ आणखी एक गोष्ट उत्साही मित्रांना आवर्जून सांगायची आहे. नॉर्वेतील ओसेबेर्ग येथे १९०४ साली एक भव्य नौका-समाधी उकरली गेली. वृक्षवलयांवरून तिचा काळ ८३४ ठरतो. व्हायकिंग युगातील सर्वांत वैभवशाली कबरींत तिची गणना होते. आत दोन स्त्रिया होत्या आणि लढाईची शस्त्रे नव्हती. स्त्रीची सत्ता दाखवायला तलवारच लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही नौका पाहावी. हातात शस्त्र असेल तरच स्त्री इतिहासात मोजायची, हा निकषही शेवटी जुन्या गृहीतकाचाच भाऊबंद आहे.

१८/ तर मग खात्रीने काय म्हणता येते? बिर्कात दहाव्या शतकात एका स्त्रीला पूर्ण लढाऊ साजासह, शिबंदीच्या शेजारी, सन्मानाने पुरले गेले. त्या समाजाने योद्ध्याला द्यायचा मान तिला दिला. ती प्रत्यक्ष लढली याची शक्यता तशाच कबरीतील कोणत्याही पुरुषाइतकीच आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. अशा स्त्रिया किती होत्या, हे जुन्या नोंदी मोजून कळणार नाही. त्यासाठी संग्रहालयांतील हाडे वस्तूंकडे न पाहता पुन्हा तपासावी लागतील.

१९/ म्हणून पुढच्या वेळी कोणी छातीठोकपणे म्हणाले की शस्त्रे असलेल्या साऱ्या कबरी पुरुषांच्याच, तर त्यांना एकच विचारा: त्यांपैकी किती सांगाड्यांचे लिंग हाडांवरून ठरवले आणि किती तलवारीवरून? आणि कोणी ‘निम्म्या स्त्रिया’ म्हणाले, तर तेच विचारा: किती सांगाडे, कोठले, आणि ते सैनिक होते हे कशावरून? दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी लावा. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद खाली अवश्य लिहा. (समाप्त)