हेल्मेट पाणी अडवते, दाब नाही

दिवाळी झाली की आकुर्डी-निगडीकडची कारखान्यांतली मंडळी सहकुटुंब अंदमानला निघतात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायची आणि मग बोटीने नॉर्थ बेला जाऊन ‘सी वॉक’ करायचा, असा बेत असतो. जुन्या तांबड्या वीसच्या नोटेमागे नारळीचा किनारा छापलेला आहे, तोच हा नॉर्थ बे. निघण्याआधी दवाखान्यात प्रश्न येतो, “डॉक्टर, पोहता येत नाही, चालेल ना?” पोहता आले नाही तरी चालते. पण कान वाहतो, त्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

पन्नाशी उलटल्यावर मीही हा प्रकार करून पाहिला. (आमच्या सौ. चष्मा आणि चपला सांभाळत वर बसल्या.) शिडीवरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरलो की काचेची खिडकी असलेले जड हेल्मेट खांद्यावर ठेवतात. कॉम्प्रेसरची हवा नळीने आत येते आणि खालच्या उघड्या बाजूने बुडबुडे होऊन निघून जाते. केससुद्धा भिजत नाहीत. पण चार-पाच पायऱ्या उतरताच कानात खिळा ठोकल्यासारखी कळ आली. थांबलो, खालून हात आत घालून नाक चिमटीत धरले, तोंड मिटून अलगद फुंकले, कानात ‘टक्’ झाले, मगच पुढे निघालो.

जुन्या पाणबुड्यांना ही सोय नव्हती. ऑगस्टस सीबे यांनी १८३० च्या दशकात लंडनमध्ये बनवलेले हेल्मेट रबरी पोशाखाला पक्के जोडलेले असे. छाती-पाठीवर शिशाची वजने, पायांत जड बूट, सगळा साज सुमारे ८० किलोंचा! असे चिलखत पाण्याचा दाब सोसत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. तसे मुळीच नाही. दाब सोसते ती वरून पंपाने भरलेली हवा, आणि ती बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची असावी लागते. नळी वर कुठे फुटली तर आतली हवा उलटी निसटे आणि पाण्याचा दाब माणसालाच हेल्मेटात कोंबे. म्हणून पुढे तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आला. आपल्याकडच्या फिटरला हे समजावून सांगायला नको.

आजच्या सहलीच्या हेल्मेटातही नियम तोच. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. सात मीटरवर तो जमिनीवरच्या १.७ पट होतो. सर्दीने कानाची नळी बंद असेल तर पडदा फाटू शकतो. त्याहून वाईट म्हणजे घाबरून, श्वास रोखून वर धाव घेणे. छातीतली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. त्याला खोल समुद्र लागत नाही, दीड मीटर पाणीही पुरते.

म्हणून “डॉक्टर, फॉर्मवर नुसती सही करा” हे मला पटत नाही. कानात बत्ती घालून पाहिल्याशिवाय आणि छाती तपासल्याशिवाय डॉक्टरने सही देऊ नये आणि आपणही मागू नये. फॉर्मवरच्या ‘दमा आहे का’ या प्रश्नापुढे बेधडक ‘नाही’ लिहिणारे दम्याचे रुग्ण मी पाहिले आहेत. पैसे भरलेत, मुले हट्ट करतात, हे सगळे कळते. तरी दमा, फिट, हृदयविकार, वाहता कान, क्षयाने फुप्फुसात राहिलेली पोकळी, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा गर्भारपण असेल, तर काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहावेत. ते तेवढेच रंगीत दिसतात.

ज्यांना उतरायचेच आहे त्यांनी कान दुखला की तिथेच थांबून खूण करावी, फुंकर जोराने मारू नये आणि श्वास क्षणभरही रोखू नये. आणि एक, परतीचे विमान त्याच दिवशीचे घेऊ नका. पाण्यातून वर आल्यावर निदान बारा तास जाऊ द्यावेत.