प्लास्टिकच्या पेटीतला वेताळ

गेल्या मे महिन्यात पुण्याहून आमचा भाचा आला. सुट्टीला म्हणून आला आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून बसला. ट्रंकेत माझे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक. सगळे मराठी, मोजून ६३. शाळेत असताना, १९७०च्या दशकात, कधी खडेबाजारातून, कधी बसस्टँडवरच्या टपरीवरून आणि क्वचित वडिलांच्या खिशातून न विचारता घेतलेल्या पैशांतून जमवलेले. भाच्याने एकेक अंक खिडकीशी नेला, पाठीकडून पाहिला, पोटाकडून पाहिला, पिना तपासल्या आणि दोन गठ्ठे केले. एकात ११, दुसऱ्यात ५२. मग लहान गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, एवढे विकता येतील. गिऱ्हाईक माझ्या ओळखीचे आहे. बाकीचे काही कामाचे नाहीत."

वाचकहो, त्या ११ अंकांची हकिगत सांगतो. मुंबईचे काका येताना कॉमिक्सचा गठ्ठा आणत. त्यातले जे अंक माझ्याकडे आधीच असत, ते आई कपाटात साड्यांखाली ठेवून देई. एक फाटला तर दुसरा असावा म्हणून. पहिला फाटायचा, पण दुसरा काढायची वेळ येत नसे, कारण तोवर गोष्ट पाठ झालेली असे. म्हणजे ज्यांना आज भाव आला ते अंक मी कधी वाचलेच नाहीत. आणि ज्या ५२ अंकांनी मला वाचायची चटक लावली, ते बिनकामाचे ठरले! हा हिशेब माझ्या गळी उतरेना. म्हणून हा लेख.

हा हिशेब मुळात अमेरिकेतला. १९३८ साली तिथे 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १० सेंटला विकला गेला. सुपरमॅन जगाला पहिल्यांदा दिसला तो त्या अंकात. दोन लाखांच्या आसपास प्रती छापल्या होत्या असे सांगतात; आज उरल्यासुरल्या शंभरेक असतील असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यातली एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला विकली गेली. दुसरी एक २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. आपल्या हिशेबाने पन्नास कोटींच्या घरात.

अर्थात कोणत्याही प्रतीला हा भाव नाही. तिथे प्रतीला गुण देण्याचा रीतसर धंदा आहे. सी.जी.सी. नावाची कंपनी २०००पासून हे काम करते. अर्ध्यापासून दहापर्यंत गुण. कोपरा दुमडला, गुण कमी. घडीवर सुरकुती आली, पीन गंजली, पान पिवळे पडले, मुलाने वर नाव लिहिले, की आणखी कमी. गुण दिले की प्रत कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करतात. पेटी उघडली की ते गुण बाद! म्हणजे कोट्यवधीचे पुस्तक विकत घ्यायचे आणि त्याचे पहिले पानसुद्धा उलटायचे नाही. स्पायडरमॅन ज्यात प्रथम आला त्या १९६२च्या अंकाची ९.६ गुणांची प्रत २०२१ साली ३६ लाख डॉलरला गेली. त्याच अंकाच्या तळाच्या गुणांच्या, फाटक्यातुटक्या प्रतीला त्याचा शंभरावा हिस्साही मिळत नाही. गोष्ट तीच, चित्रे तीच, शब्द न शब्द तोच. फरक एवढाच, की एक प्रत मुलांच्या हाती पडली आणि दुसरी वाचली. इथे 'वाचली' हा शब्द मी बचावली या अर्थाने वापरतो आहे. मराठीत वाचणे या एकाच क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत. या बाजारात मात्र पुस्तक वाचायचे असेल तर ते कोणी वाचता कामा नये!

आता हे अंक दुर्मिळ झाले कसे? कोणी जपले म्हणून नव्हे, सर्वांनी फेकले म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी घरोघर फिरून रद्दी गोळा केली, त्यात कॉमिक्सचे ढीग लगद्यात गेले. १९४८ साली बिंगहॅम्टनसारख्या गावांतून कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ साली पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे बजावले, आणि त्याच साली प्रकाशकांना स्वतःवर आचारसंहिता घालून घ्यावी लागली. उरलेसुरले अंक मुलगा मोठा झाल्यावर आयांनी घर आवरताना काढले. शिवाय कागद हलका, वर्तमानपत्राचा. तो आपल्याच अंगच्या आम्लाने पिवळा पडून तुकडे होणारा. एवढ्या सगळ्यातून जे निभावले त्याला सोन्याचा भाव आला.

हे पाहून १९९०च्या सुमाराला लोकांनी ठरवले, की आपणही जपू या. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला. त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. मुखपृष्ठे वेगवेगळी काढली होती, लोकांनी सगळी घेतली. १९९२च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन आला. लोकांनी दोन-दोन, चार-चार घेतले, एक फोडायला आणि बाकीचे मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी. पुढे काय झाले? सर्वांनीच जपले, म्हणून दुर्मिळ काहीच उरले नाही. बाजार कोसळला, कॉमिक्सची हजारो दुकाने बंद पडली, आणि १९९६च्या डिसेंबरात मार्व्हलसारख्या बलाढ्य कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ते अंक आजही कोरे करकरीत मिळतात, थोडक्या पैशांत.

इथवर सगळे संग्राहकही कबूल करतात. माझे भांडण पुढच्या पायरीशी आहे. ते म्हणतात, तात्पर्य एवढेच की दुर्मिळता हवी. मी म्हणतो, नुसत्या दुर्मिळतेला कोणी कुत्रे विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाची १९७१ सालची जमाखर्चाची छापील पत्रिका बहुधा जगात एकच उरली आहे, माझ्याकडे. तिला काय भाव द्याल? सुपरमॅनच्या पहिल्या अंकाला भाव आहे, कारण तो अंक लाखो मुलांनी चुरगळून, अदलाबदल करून, गादीखाली लपवून वाचला. मग त्यांच्या मुलांनी पुढचे अंक वाचले. मग नातवंडांनी सिनेमे पाहिले. त्या वाचणाऱ्यांनी ते नाव जिवंत ठेवले. फाटक्या प्रतींनी भांडवल उभे केले आणि कोरी प्रत त्याचे व्याज खात बसली आहे! वाचणारा गेला की व्याजही बंद.

आता आपल्या अंगणात येऊ या. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला, मागोमाग जादूगार मँड्रेक आला. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० साली मालिका बंद पडली. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत, आणि सीमाभागातल्या आमच्यासारख्या पोरांना वर्गाबाहेरचे मराठी वाचायला मिळाले ते पुष्कळदा तिथेच. डेंकालीच्या जंगलातला तो बुरखेधारी आमच्या घरात शुद्ध मराठीत बोलत असे, आणि आम्ही मात्र गल्लीत अर्धे कन्नड, अर्धे मराठी!

आज या अंकांना भाव देणारे कोण? माझ्यासारखेच, पन्नाशी-साठी उलटलेले. ज्यांनी दहाव्या वर्षी वाचले, तेच आता पैसे मोजताहेत. ते कागद विकत घेत नाहीत, आपले दहावे वर्ष विकत घेतात. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी हे गिऱ्हाईक या जगात नसेल. तेव्हा मराठी वेताळाचा कोरा अंक हाती घेऊन कोण उभा राहील? ज्याने तो कधी वाचला नाही आणि ज्याला मराठी वाचताच येत नाही, तो? त्याच्या लेखी ती रद्दीच. महाराष्ट्रात एखादे वेळी ही भीती अवास्तव वाटेल. पण ज्या घरात मूल घरी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी शिकते, कन्नड लिहिते आणि देवनागरी फक्त हिंदीच्या तासाला पाहते, त्या घराने तरी ती हसण्यावारी नेऊ नये.

कोणी म्हणेल, मग संग्राहकांनी जपलेच नसते तर आज काय उरले असते? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९७७ साली एडगर चर्च नावाच्या चित्रकाराच्या कोलोरॅडोतल्या घरात हजारो जुने अंक थप्प्या लावलेले सापडले. कोरडी हवा, गच्च रचलेले गठ्ठे, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे अंक कालच छापल्यासारखे. असे कोणी नसते तर त्या अंकांचे मूळ रंग कसे होते हेही कळले नसते. आपल्याकडे तर पाऊस, कसर, वाळवी आणि दिवाळीची साफसफाई असे चार शत्रू. जपणाऱ्याला माझा नमस्कारच आहे. पण जपणे आणि कोंडणे यात फरक आहे. कोऱ्या प्रतीने एक काम करावे: तिच्या पानांची नीट छायाचित्रे घेऊन ठेवावीत, म्हणजे फाटकी प्रत निर्धास्तपणे फाटू शकेल. जी प्रत पेटीतून बाहेर येऊन एवढेही करणार नाही, ती असली काय आणि नसली काय.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे, पण गुन्हेगार मीही आहे. २०१४ साली त्या ३२ लाख डॉलरची बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात ट्रंकेला कुलूप घातले. डांबराच्या गोळ्या टाकल्या. किल्ली माझ्या जानव्याला नव्हती एवढेच! पुढे नात सहा वर्षांची झाली, ट्रंकेत काय आहे म्हणाली. मी म्हटले, मोठी झालीस की दाखवीन. आज ती दहा वर्षांची आहे. मराठी फडाफडा बोलते, पण पाटी वाचताना अडखळते. चार वर्षे मी कागदाचा कोपरा सांभाळला आणि पोरीचे वाचायचे वय घालवले. ही माझी चूक मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही.

भाच्याने बाजूला टाकलेल्या ५२ अंकांत एक फार खराब होता. मुखपृष्ठ नाही, पीन नाही, आणि आत संवादांच्या फुग्यांवर पेन्सिलीने कन्नड अक्षरे. शेजारच्या घरातली मुलगी माझ्याकडून अंक न्यायची. घरची भाषा कन्नड. मराठी बोलायला गल्लीत शिकली, पण वाचता येईना. म्हणून तिने अवघड मराठी शब्दांवर त्यांचा उच्चार कन्नड लिपीत लिहून घेतला होता. त्या वेळी मी अंक खराब केला म्हणून तिच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. आता नीट पाहिले. पहिल्या पानांवर जवळजवळ प्रत्येक शब्दावर अक्षरे. मधल्या पानांवर थोडी. शेवटच्या चार पानांवर एकही नाही.

तो अंक मी नातीच्या हातात दिला. तिला कन्नड सरसर वाचता येते. खालचे मराठी अडले की ती वरचे कन्नड वाचायची आणि पुन्हा खाली यायची. शेवटच्या पानांपाशी थांबली, म्हणाली, "आजोबा, इथे लिहिलेलंच नाही." मी म्हटले, "तिला गरज उरली नाही. तू वाचून बघ." वाचले तिने. हळू, बोट ठेवून, पण वाचले.

पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाने या अंकाला किती गुण दिले असते? अर्धासुद्धा नाही. भाच्याला मी एवढेच विचारले. तो काही बोलला नाही. पण जायच्या आधी दोन दिवस बसून त्याने ११ कोऱ्या अंकांच्या सगळ्या पानांची छायाचित्रे काढून दिली. अंक विकले नाहीत. ट्रंकेचे कुलूप काढले, ते आता गेटला लावतो.

तेव्हा मंडळी, यंदा दिवाळीची सफाई करताना माळ्यावर वेताळ सापडला, बहादूर सापडला, तर दोन गोष्टी करू नका. रद्दीवाल्याला देऊ नका, आणि भाव ऐकून कुलूपबंदही करू नका. दोन प्रती असतील तर एक नीट ठेवा, एक घरातल्या पोरासमोर टाका. एकच असेल तर तीच टाका. चिवड्याचे तेलकट बोट लागेल, पान दुमडेल, कोणी वर नाव लिहील. लिहू द्या. भाव उतरेल तो कागदाचा. वाचणारा तयार झाला, तर पन्नास वर्षांनी या कागदाला विचारणारे कोणी तरी या गावात असेल.