‘नम्म केलस अल्ल!’

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहारांच्या कंपनीत नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडण्याआधी यंत्रणेनं ९७ ई-मेल धाडले. पण ते सहसा कुणी वाचतच नसे! मग त्या सर्व्हरवरचा जुना, बाद झालेला भाग जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली.

मोठ्या कंपन्यांत प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, चालवणारे वेगळे. बिघडलं की दोघांचं उत्तर आपल्या कचेऱ्यांतलंच : ‘नम्म केलस अल्ल!’ २००९ मध्ये पॅट्रिक देब्वा यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात दोन्हीकडच्यांना एकत्र बसवलं, तिथून ‘डेव्हऑप्स’ हा शब्द रुळला. बदल छोटे करायचे, तपासणं-चढवणं यंत्रावर सोपवायचं, आणि लिहिणाऱ्यानंच तो नीट चालतोय का हेही पाहायचं. मला हा शेवटचा भाग सर्वांत अवघड वाटतो. काही कंपन्यांनी तर भिंत पाडायची म्हणून डेव्हऑप्सचं तिसरं खातंच उघडलं. धन्य!

बंगळूरहून सुट्टीला आलेला तुमचा मुलगा लॅपटॉप उशाशी घेऊन झोपला, तर रागावू नका. आज पाळी त्याची असेल.