गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका

“दुखत तर नाही, मग डॉक्टरांकडे कशाला जायचं?” स्तनात गाठ हाताला लागली की अनेक स्त्रिया असंच म्हणतात. मुलांच्या परीक्षा होऊ देत, दिवाळी होऊ दे, असं करता करता महिने निघून जातात. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ते स्तनाग्रापर्यंत नेणाऱ्या बारीक नलिका असतात. बहुतेक वेळा कर्करोग या नलिकांच्या अस्तरात सुरू होतो. एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती बेसुमार वाढू लागते. एकीच्या दोन, दोनांच्या चार अशी सुमारे ३० वेळा दुप्पट झाली, की एक सेंटिमीटरची गाठ होते. तिच्यात जवळपास १०० कोटी पेशी असतात! नलिकेची भिंत ओलांडल्यावर रोग काखेतल्या लसिका ग्रंथींत आणि पुढे हाडं, फुप्फुसं, यकृतापर्यंत पोहोचू शकतो.

वाढतं वय, लवकर सुरू झालेली पाळी, उशिरा आलेली रजोनिवृत्ती, त्यानंतरचा लठ्ठपणा आणि मद्यपान यांमुळे धोका वाढतो. स्तनपानामुळे तो थोडा कमी होतो. आनुवंशिक कारण शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांतच आढळतं. म्हणून ‘आमच्या घरात कुणालाच नाही’ असं म्हणून निर्धास्त राहू नये.

वेळेवर तपासणीचा उपयोग मुंबईत दिसून आला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र असा फरक दिसला नाही.

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनंतरच कळतं. संकोच वाटत असेल तर बहिणीला, जावेला सोबत न्या. आणि घरातल्या मंडळींनो, तिने सांगितलं तर “बघू नंतर” म्हणू नका.