पिठाचा कोंबडा, पडद्यावरचा मासा



नातू मित्रांसोबत ऑनलाइन 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो. परवा म्हणाला, "आजी, तू बी.कॉम. ना? मासेमारीला १८०० ची फायबरग्लासची काठी घेऊ, की ७५०० ची इरिडियमची?" पहिलीला आमिष लावता येतं, दुसरीला वर आणखी साधनं. हिशेब सोपा होता. मी केला नाही.

सूनबाई म्हणाली, "खोटेच तर मासे!" अहो, यशोधर राजानेही पिठाचाच कोंबडा बळी दिला होता. तरी त्याला नि त्याच्या आईला तिर्यंच गतीत फिरावं लागलं. मासा खोटा असेल, पकडायची हाव खरी असते. कर्म भावानेच बांधलं जातं.

त्याच खेळात शेतीही आहे. तेच ७५०० बियाण्यात घाल बाळा, परताव्याचा हिशेब मी करते. फक्त बटाटे लावू नकोस!