आवाजाची उंची कानात असते

टीव्हीच्या दुकानात हल्ली एक जादा आकडा ऐकू येतो. पूर्वी ५.१ म्हटले की विषय संपत असे. आता ५.१.२, ७.१.४ असे तीन-तीन आकडे सांगतात. पहिला आकडा आपल्या भोवतालच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा वरच्या, म्हणजे उंचीच्या स्पीकरचा. या तिसऱ्या आकड्यासाठी गिऱ्हाईक हजारो रुपये जादा मोजते. "पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटेल," असे विक्रेता सांगतो आणि आपण मान डोलावतो.

माझे म्हणणे असे, की हा तिसरा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. आवाज वरून आला हे ठरवणारे खरे यंत्र आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जन्मापासून लावलेले आहे. ते कसे चालते हे समजले, तर दुकानात काय विचारायचे ते कळेल. आणि त्याहून महत्त्वाचे, हे फुकट मिळालेले यंत्र आपण रस्त्यावर कसे मोडतो आहोत, तेही कळेल.

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखणे त्या मानाने सोपे. उजवीकडे कोणी टाळी वाजवली, तर ती उजव्या कानाला आधी आणि थोडी मोठी ऐकू येते. 'आधी' म्हणजे किती? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो आणि आपले डोके वीतभर रुंद. त्यामुळे दोन कानांमधला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढासा फरक मेंदू पकडतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे मांडले. जाड आवाजात वेळेचा फरक उपयोगी पडतो, तर बारीक आवाज डोक्यामुळे अडतो आणि पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो.

आता टाळी बरोबर समोर वाजवा, मग डोक्याच्या वर, मग पाठीमागे. तिन्ही वेळा दोन्ही कान टाळीपासून सारख्याच अंतरावर असतात. वेळेचा फरक नाही, मोठेपणाचाही नाही. तरी डोळे मिटलेला माणूस सांगतो, की टाळी वर वाजली. हे त्याला कसे कळले?

गव्हाणी घुबडाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. त्याच्या एका कानाचे छिद्र दुसऱ्यापेक्षा वर असते. त्यामुळे वर-खालचा अंदाजही त्याला दोन कानांमधल्या फरकातूनच येतो आणि किट्ट काळोखात ते उंदरावर नेमकी झडप घालते. माणसाचे कान एका पातळीवर आहेत. आपले काम करतात त्या कानाच्या बाहेरच्या घड्या, ज्यांना आपण बाळी घालायची किंवा मास्तरांनी पिळायची जागा समजतो.

आवाज या घड्यांवर आपटून, वळसे घेऊन कानात शिरतो. वरून आलेला एका तऱ्हेने आपटतो, समोरून आलेला दुसऱ्या तऱ्हेने. त्यात काही बारीक सूर दबतात, काही उठून येतात. हा ठसा मेंदू लहानपणापासून वाचायला शिकलेला असतो. रॉफलर आणि बटलर या संशोधकांनी १९६८ मध्ये त्याच्या अटी स्पष्ट केल्या. आवाज एकसुरी नको, त्यात अनेक सूर मिसळलेले हवेत. त्यात ७००० हर्ट्झच्या वरचा भाग हवा. आणि बाहेरचा कान मोकळा हवा. यातले काही कमी पडले, की उंची हरवते.

हे ७००० कुठून आले? तेवढ्या वारंवारतेच्या आवाजाची लाट सुमारे ५ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे कानाच्याच मापाची. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची लाट साडेतीन मीटरची. तिच्या वाटेत कानाची घडी आली काय आणि नाही काय! म्हणून सबवूफर कुठेही ठेवला तरी त्यातून उंची मिळत नाही. पडद्यावर हेलिकॉप्टर डोक्यावरून जाते, तेव्हा छाती हादरवतो तो धडधडाट. वर बघायला लावते ती त्यातली बारीक सळसळ. प्रात्यक्षिकाला पावसाचा आवाज का निवडतात, हेही यावरून लक्षात यावे. पत्र्यावर तडतडणाऱ्या पावसात बारीक सूर ठासून भरलेले असतात. उंची दाखवायला त्याच्याइतका सोयीचा आवाज शोधून सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट. अंगठ्याच्या ठशाप्रमाणे कानाच्या घड्याही प्रत्येकाच्या निराळ्या. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या हॉफमन, व्हान ऑपस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रौढांच्या कानाच्या खोलगट भागात साचे बसवून त्याचा आकार बदलला. त्या क्षणी त्यांची डावी-उजवी जाण जवळपास शाबूत राहिली, पण वर-खालची जाण नाहीशी झाली. ती काही आठवड्यांत हळूहळू परत आली. साचे काढल्यावर जुनी जाणही लगेच हजर होती. म्हणजे मेंदू नव्या कानाची भाषा शिकतो आणि जुनी विसरत नाही, जसे आपण दुसरी भाषा शिकताना घरची बोली विसरत नाही.

भाषेवरून आठवले. आपण सुराला 'वरचा' म्हणतो, आवाज 'चढा' म्हणतो, 'वरच्या पट्टीत' गातो. ही केवळ बोलण्याची पद्धत असावी असे वाटते. पण १९३० मध्ये प्रॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निरनिराळ्या पट्टीचे सूर ऐकवून ते कुठून येतात असे विचारले. स्पीकर कुठेही असो, लोकांनी बारीक सूर वर दाखवले आणि जाड सूर खाली. २०१४ मध्ये पारिसे, नॉर्रे आणि अर्न्स्ट यांनी बाहेरच्या जगातले आवाज नोंदवून पाहिले, तर खरोखरच वरून येणाऱ्या आवाजांत बारीक सुरांचा भाग जास्त निघाला. पाखरे वर, पावले खाली, असे काहीसे. आपला कान या जगात वाढला आहे आणि त्याने जगाची सवय उचलली आहे. त्यामुळे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने बारीक सूर वाढवले, की एकही स्पीकर न हलवता आवाज थोडा वर सरकल्याचा भास होऊ शकतो.

आता तंत्राकडे येऊ. 'ब्रेव्ह' हा डॉल्बी ॲटमॉसमधला पहिला चित्रपट २०१२ मध्ये आला. चित्रपटगृहात या पद्धतीत एका वेळी १२८ पर्यंत ध्वनी हाताळता येतात आणि ते ६४ पर्यंत स्पीकरमार्गांना वाटता येतात. आवाज अमुक स्पीकरला द्या असे न सांगता अमुक जागी ठेवा असे सांगायचे आणि उरलेला हिशेब यंत्राने करायचा, ही कल्पना मला खरोखर आवडते. छतावर प्रत्यक्ष स्पीकर आहेत, त्यांचा आवाज खरोखर वरून येतो आणि आपल्याच कानाच्या घड्या त्यावर आपला ठसा उमटवतात. इथे फसवणूक काही नाही.

घरी मात्र गोष्ट बदलते. छताला भोके पाडायला कोण तयार होईल? म्हणून आवाज वर फेकून छतावरून परतवणारे स्पीकर निघाले. त्यांना सपाट, टणक आणि फार उंच नसलेले छत लागते. उतरते कौलारू छप्पर, लाकडी माळा, पायऱ्या-पायऱ्यांचे पीओपी आणि मध्ये फिरणारा पंखा असलेल्या घरांत तो आवाज परतून कुठे जाईल, हे विक्रेत्याने सांगायला हवे. तो सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. त्याहून स्वस्त वाट म्हणजे वरून आलेल्या आवाजावर कान जो ठसा उमटवतो, तसा ठसा आधीच यंत्राने उमटवून समोरून सोडायचा. पण हा ठसा कुणाच्या कानाचा? सरासरी कानाचा. ज्याचा कान त्या सरासरीच्या जवळ, त्याला पाऊस वरून ऐकू येतो. शेजारी बसलेल्याला तोच पाऊस टीव्हीतच पडताना ऐकू येतो. दोघेही खरेच बोलत असतात. हेडफोनची अडचण हीच आहे. ॲपलने २०२२ मध्ये फोनच्या कॅमेऱ्याने ज्याचे त्याचे कान टिपून घ्यायची सोय दिली, ती यासाठीच. एका मापाचा सदरा सर्वांना होत नाही, हे उत्पादकांनाही ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट हा भासाचाच खेळ. पडद्यावर पक्षी वर उडाला की आवाजही वर गेल्यासारखा वाटतो, मग बिघडले कुठे? बिघडत काहीच नाही. डोळा कानाला ओढून नेतो हे खरेच आहे. पण जे काम डोळा फुकट करतो, त्याचे पैसे स्पीकरच्या नावाने का द्यायचे? डोळे मिटूनही उंची जाणवली तर पैसे द्यावेत. दुकानात प्रात्यक्षिक बघताना दोन मिनिटे डोळे मिटा, पाऊस थांबवून बोलण्याचा आणि वाहनांचा आवाज लावायला सांगा आणि घरचे छत डोळ्यांपुढे आणा. एवढ्यानेच बराच निकाल लागतो.

पण मला खरी काळजी निराळीच आहे. उंचीची सगळी भिस्त बारीक सुरांवर आहे आणि माणसाचा कान थकतो तोही बारीक सुरांपासूनच. वय वाढते तसे वरचे सूर आधी जातात. गोंगाटाने कान बिघडतो, तेव्हा पहिला घाव ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि मग पसरत जातो. कानामागे लावायच्या श्रवणयंत्राचा मायक्रोफोन घड्यांच्या बाहेर असतो, त्यामुळे आवाज मोठा होतो तरी त्यावरचा उंचीचा ठसा बराचसा गळतो. अशा माणसाला चौथ्या मजल्यावरून हाक मारली, तर हाक कळते, पण मान कुठे वळवावी ते कळत नाही. बांधकामावर "बाजूला व्हा" ही हाक वरून आली हे कळण्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

आणि इथे 'डॉल्बी' या शब्दाचे आपण काय केले तेही पाहू. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, तिचे पहिले काम टेपमधली खरखर कमी करण्याचे. आवाजातला गोंगाट घालवणाऱ्या माणसाचे ते नाव. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत! त्या भिंतीचा या कंपनीशी काही संबंध नाही, पण शब्द रूढ झाला तो झालाच. मिरवणूक गणपतीची असो, जयंतीची असो, उरुसाची असो की लग्नाची वरात असो, भिंत तीच. आमच्या ईदच्या जुलूसातही ती शिरली आहे, त्यामुळे कोणत्याही एका समाजाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

कामाच्या जागी वापरला जाणारा एक साधा हिशेब आहे: ८५ डेसिबल आठ तास चालेल, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. भिंतीसमोर पोरे तासन् तास नाचतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. ती कागदावरच राहते, कारण मोजणारा पोलीसही त्याच मिरवणुकीच्या बंदोबस्तात उभा असतो आणि त्याच्याही कानावर तेच आदळत असते.

वीस वर्षांचा मुलगा कर्ज काढून घरात उंचीचे स्पीकर लावतो आणि चार रात्री भिंतीसमोर उभा राहून ती उंची ऐकणारा कान झिजवतो, याला काय म्हणावे? स्पीकर बिघडला तर दुरुस्त होतो, जुना झाला तर बदलता येतो. आतल्या कानातल्या संवेदनपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून घरात तिसरा आकडा घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने आपला खिसा आणि आपले छत पाहून ठरवावे. मिरवणुकीतली भिंत मात्र कोणाच्या एकट्याच्या खिशाचा प्रश्न नाही, आणि ती उतरवायची मागणी आपापल्या मोहल्ल्यात, आपापल्या मंडळात आपणच आधी करायला हवी.